चोवीस वर्षांचा कोट

दोनचावी सरांना राग येत नाही, असा गल्लीचा ठाम समज होता. समज कसला, पैजाच लागायच्या. वरच्या मजल्यावरचे लोक कपडे न पिळता वाळत घालायचे आणि त्यांचं पाणी बरोबर सरांच्या सायकलच्या सीटवर टपकायचं. असं चार वर्षं चाललं. सर रोज सकाळी खिशातून रुमाल काढून सीट पुसायचे, वर बघून "नमस्कार" म्हणायचे आणि निघायचे. शेवटी वरच्यांनाच लाज वाटली, त्यांनी दोरी हलवली. पैज लावणाऱ्यांचा हिरमोड झाला.

दोनचावी हे नाव पडलं ते कमरेच्या दोन जुडग्यांमुळे. डावीकडे चर्चच्या चाव्या, उजवीकडे कॉलेजच्या. सर आठवडाभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवत आणि रविवारी बाप्टिस्ट मंडळीचे पाळक असत. चालताना दोन्हीकडून किणकिण व्हायची, त्यामुळे सर येताहेत हे वळणाआधीच कळायचं आणि ज्यांनी दोन रविवार चर्चला दांडी मारली असेल त्यांना दार लावून घ्यायला पुरेसा वेळ मिळायचा.

राग मात्र त्यांना यायचा. भरपूर यायचा. तो कानात जायचा. कॉलेजात दरवर्षी रागाचं प्रकरण शिकवताना ते वर्गाला विचारत, "राग गिळला की जातो कुठे?" एका वर्षी मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, तुमच्या कानात." वर्ग हसला, सरही हसले, आणि कान खरोखरच लाल झाले होते.

हा गिळायचा सराव त्यांना जुना होता. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या मनाने नदीत उतरून बाप्तिस्मा घेतला. ओल्या कपड्यांनी घरी आले तर वडिलांनी आतून कडी लावलेली. आई खिडकीतून टॉवेल देत होती, तोही वडिलांनी ओढून घेतला. पुढच्या चार-पाच वर्षांत सर गावाबाहेर पडले, मग देशाबाहेर, आणि या शहराच्या स्टेशनवर उतरले तेव्हा अंगात पातळ शर्ट होता, हातात एक पेटी होती आणि फलाटावर हाडं गोठवणारी थंडी होती. चर्चने एका माणसाला घ्यायला पाठवलं होतं. त्याने अंगातला कोट काढला आणि यांच्या खांद्यावर टाकला.

तो माणूस म्हणजे फरशीवाले. फरशांचं मोठं दुकान, चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष, आवाज असा की माइकला सुट्टी द्यावी. कोट त्यांच्या मापाचा, म्हणजे सरांच्या बोटांच्या टोकांपर्यंत बाह्या. सरांनी तो अकरा हिवाळे वापरला. दिवसा हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची, संध्याकाळी कॉलेज, आणि झोपायला चर्चच्या मागची खोली. खोलीच्या भिंतीपलीकडे बाप्तिस्म्याची टाकी होती. ओल अशी यायची की पुस्तकं फुगून वहीच्या दुप्पट व्हायची. सर त्या खोलीत शिकले, प्राध्यापक झाले, लग्न करून बायको आणली, आणि जुने पाळक थकले तेव्हा मंडळीने हात वर करून यांनाच पाळक केलं. बाप्टिस्टांमध्ये पाळक वरून कोणी नेमून पाठवत नाही. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक सभासद हात वर करतो. हातांनीच ठेवतात, हातांनीच काढतात.

आणि या चोवीस वर्षांत एक जेवण, एक लग्न, एक मयत अशी गेली नाही जिथे कोटाची गोष्ट निघाली नाही. "ह्याला स्टेशनवर मीच आणायला गेलो," फरशीवाले सुरू करायचे. चारचौघांत "पाळकसाहेब", एरवी "तू". "कुडकुडत होता. अंगातला कोट काढून दिला मी." ऐकणारे सरांकडे कौतुकाने बघायचे, की बघा, कोटातून माणूस कसा झाला. सर मान हलवायचे. कान लाल व्हायचे.

"अहो, तो कोट एकदा परत देऊन टाका," त्यांची बायको म्हणायची. "पेटीत आहे अजून. निदान गोष्ट तरी संपेल."

"असं नसतं गं. त्यांनी दिला होता हे खरंच आहे."

"खरं आहे म्हणूनच म्हणते. खोटं असतं तर मीच उत्तर दिलं असतं."

कोटापाठोपाठ टाकीचा नंबर. चर्चच्या व्यासपीठाखाली ती सिमेंटची टाकी. वरच्या फळ्या काढल्या की दोन्ही बाजूंनी पायऱ्या, आत छातीपर्यंत पाणी. फरशीवाल्यांनी तिला आपल्या दुकानातल्या निळ्या फरशा बसवून दिल्या होत्या. तेव्हापासून टाकी मंडळीची कमी आणि त्यांची जास्त झाली होती. कुणी बुटासकट पायरीवर पाय ठेवला की ते आपल्या दिवाणखान्यात चिखल आल्यासारखे कळवळायचे.

तर त्या टाकीत फरशीवाल्यांना आपल्या मुलीचा बाप्तिस्मा करायचा होता. मुलगी वीस वर्षांची, सरांच्याच कॉलेजात, सरांच्याच विषयाला. निमंत्रणं गेली, मामा-मावश्या येऊन उतरल्या, पांढरा झगा शिवून आला.

त्या रविवारच्या दहा दिवस आधी मुलगी सरांच्या कॉलेजातल्या खोलीत आली. सरांनी दारावरची पुठ्ठ्याची पाटी उलटी केली. "आत कोणीतरी आहे" असं तिच्यावर लिहिलेलं होतं. पाटी उलटी असताना आत बोललेलं बाहेर जात नाही, हा सरांचा नियम साऱ्या कॉलेजला ठाऊक होता. प्राचार्यांनी एकदा खोदून विचारलं, तर सरांनी त्यांना चहा पाजला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि तसंच परत पाठवलं.

"हे मी सरांना सांगतेय," मुलगी म्हणाली. "पाळकसाहेबांना नाही."

"पाळक रविवारी असतात. आज गुरुवार."

ती हसली नाही. "मला विश्वास नाही असं नाही, सर. मला माहीतच नाही. माहीत नसताना सगळ्यांसमोर 'हो' कसं म्हणू? पप्पा म्हणाले, माघार घेतलीस तर कॉलेज बंद आणि उंबऱ्याबाहेर पाऊल नाही."

"मग काय ठरवलंयस?"

"मी म्हणणार 'हो'. कॉलेज सोडायचं नाहीये मला. फक्त मी खोटं बोलतेय हे कुणाला तरी ठाऊक असावं, म्हणून आले."

ती गेली. सर बराच वेळ पाटी सरळ करायला विसरले. कान असे तापले की त्यांनी ओला रुमाल लावला.

राग फरशीवाल्यांचा होता, पण निम्माच. उरलेला निम्मा स्वतःचा. बाप्तिस्म्याआधी पाळकाने प्रत्येकाला सहा बैठकींत शिकवायचं आणि शेवटी एकटं बसवून विचारायचं, हे तू स्वतःच्या इच्छेने करतोयस ना. बाप्टिस्टांचा सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा. लहान बाळाला ते बाप्तिस्मा देत नाहीत ते याचसाठी. बाळाला विचारता येत नाही. या मुलीच्या सहाच्या सहा बैठकींना बाप शेजारी बसला होता. सरांनी नको म्हटलं नाही. पहिल्या दिवशी तर बापाला खुर्चीसुद्धा यांनीच आणून दिली होती.

आणि हाच माणूस कॉलेजात काय करायचा? प्रयोगासाठी विद्यार्थ्यांना नुसते दहा प्रश्न विचारायचे असले तरी आधी संमतीच्या कागदावर सही. त्या कागदावर एक वाक्य सर प्रत्येकाकडून घोटवून घ्यायचे: "तुम्ही केव्हाही, कारण न सांगता, निघून जाऊ शकता." विभागप्रमुखांचा दोन वर्षांचा अभ्यास त्यांनी अडवला होता. कारण सह्या होत असताना वसतिगृहाचे रेक्टर दारात उभे होते. "ज्याच्या हातात मुलांचं जेवणखाण, तो दारात उभा असताना केलेली सही ही सही नसते," असं सरांनी भर बैठकीत सांगितलं. विभागप्रमुख अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. इतका कडक माणूस, आणि चर्चमध्ये आपल्या हाताने खुर्ची आणून देतो. एका कोटापायी.

सरांनी जमेल तितकं केलं. मुलीचं नाव तर काढायचं नव्हतं. फरशीवाल्यांच्या दुकानात जाऊन म्हणाले, "दादा, टाकीचा हीटर बिघडलाय. थोडं पुढे ढकलू या?"

फरशीवाल्यांनी तासाभरात मिस्त्री पाठवला. मिस्त्रीने हीटर तपासला, तो ठणठणीत होता. मग सर म्हणाले, एक बैठक अजून घेऊ, मुलीला एकटीलाच बोलावतो. फरशीवाले म्हणाले, "एकटीला कशाला? मी आणून सोडतो आणि बसतो."

"मुलांना कधीकधी एकटं बोलायचं असतं."

"माझ्या घरात असं नसतं. तुमच्याकडे असेल." आणि हसून त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला, जिथे कोट टाकला होता नेमका तिथेच. हे "तुमच्याकडे" सरांनी शहरात सगळीकडे ऐकलं होतं. परवान्याच्या खिडकीवर, बँकेत, स्टाफरूममध्ये. प्रत्येक वेळी ते गिळलं होतं. पाहुण्याने ताटातलं काही टाकू नये, तसं.

रविवारी चर्च खच्चून भरलं. फळ्या निघाल्या, निळं पाणी दिसलं. तिघांचा बाप्तिस्मा होता: एक धिप्पाड बसड्रायव्हर, एक निवृत्त नर्सबाई आणि ती मुलगी. सर पांढऱ्या झग्यात पाण्यात उतरले. पहिल्या रांगेत फरशीवाले, मोबाइल उभा धरून.

ड्रायव्हर उतरला तसं पाणी दोन पायऱ्या वर चढलं. सर त्याला नेहमीचे प्रश्न विचारणार, सगळ्यांना वाटलं. पण ते म्हणाले, "आधी एक ऐका. तुम्ही केव्हाही, कारण न सांगता, निघून जाऊ शकता. समोरच्या पायऱ्या मोकळ्या आहेत. कोणी काही विचारणार नाही."

ड्रायव्हरने पायऱ्यांकडे पाहिलं. "आत्ता तर आलो, पाळकसाहेब. इतक्यात कुठे जाऊ?"

लोक हसले. ड्रायव्हर बुडाला, वर आला, आणि पुढच्या दोन रांगा भिजल्या.

नर्सबाई उतरल्या. सरांनी तेच वाक्य म्हटलं. "मला सगळं समजलंय," नर्सबाई म्हणाल्या. "पाणी गार होतंय. बुडवा."

मग मुलगी उतरली. सरांनी तेच वाक्य, तितक्याच आवाजात म्हटलं. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. त्यांचा हात तिच्या पाठीमागे होता, पण टेकलेला नव्हता.

मुलगी उभी राहिली. मोबाइल धरलेला हात पहिल्या रांगेत जरा खाली आला. मग ती वळली, समोरच्या चार पायऱ्या चढली, आणि ओल्या झग्याचं पाणी गाळत मधल्या वाटेने चालत दाराबाहेर गेली. दारातल्या पायपुसण्यावर मात्र तिने पाय पुसले. सवय.

त्या संध्याकाळी फरशीवाल्यांनी आतून कडी लावली आणि ती शहरातल्याच एका मावशीकडे राहायला गेली. फरशीवाल्यांनी सभा बोलावली. नियमाप्रमाणे आठ दिवसांची नोटीस, विषय एकच: पाळकांना काढणे.

आठ दिवस गल्ली जागी होती. दोनचावी आता एकचावी होणार, अशा पैजा लागल्या. लावणारे तेच, सायकलच्या सीटवाले.

सभेत फरशीवाल्यांनी सुरुवात कुठून केली हे सांगायला नको. स्टेशन, थंडी, कोट. मग टाकी. मग मुलगी. "तिने ह्यांना आधी काही सांगितलं होतं का, एवढंच मला विचारायचंय. बाप म्हणून. हो की नाही?"

"सांगणार नाही," सर म्हणाले.

"म्हणजे सांगितलं होतं."

"म्हणजे सांगणार नाही. सांगितलं असतं तरी नाही, नसतं सांगितलं तरी नाही. आणि दादा, आज जरा बसा. मला बोलायचंय." सरांचा आवाज चढला होता. मंडळीत चुळबुळ थांबली. हा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. "चोवीस वर्षं मी तो कोट ऐकतोय. थंडी होती, तुम्ही दिलात, मी जगलो. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या कोटाच्या बदल्यात मी तुम्हाला खुर्ची दिली, जिथे द्यायची नव्हती तिथे दिली. ती माझी चूक. माझ्या बापाने कडी लावली होती, कारण मी त्याला न विचारता पाण्यात उतरलो. तुम्ही कडी लावताय, कारण ती तुम्हाला न विचारता पाण्यातून बाहेर आली. मला दोन्ही कड्या सारख्याच दिसतात. ज्याला पाण्यातून बाहेर येता येत नाही त्याचा बाप्तिस्मा होत नाही, नुसती आंघोळ होते. टाकी आंघोळीसाठी बांधलेली नाही. फरशा कुणाच्याही असोत."

कान लाल नव्हते, हे पुढे बऱ्याच जणांनी आठवून सांगितलं.

हात वर झाले. चिटणिसांनी दोनदा मोजले. काढा म्हणणारे एकोणतीस. ठेवा म्हणणारे सत्तावीस.

"दोनाने," फरशीवाले म्हणाले. "लिहून घ्या."

चिटणीस लिहायला वाकले आणि तेवढ्यात मागच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं. या मंडळीची एक जुनी रीत होती. सभा लागली की बायकांपैकी तिघी चहा करायला मागे जायच्या, म्हणजे ठराव संपायला आणि चहा यायला एकच गाठ पडायची. वर्षानुवर्षं तिघींचे हात किटलीला लागलेले, आणि मोजणीत तिघी कधी आल्याच नाहीत. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ठराव असायचे ते पंख्यांचे आणि सतरंज्यांचे. आज तिघी होत्या त्या अशा: सरांची बायको, नर्सबाई आणि फरशीवाल्यांची बायको.

"झालं मोजून?" सरांच्या बायकोने विचारलं. तिच्या हातात साठ पेल्यांचा ट्रे होता.

"झालं," चिटणीस म्हणाले. "दोनाने..."

"आम्ही तिघी आत होतो."

"चहा करत होतात."

"मग? चहा करणारीला मत नसतं असं कुठे लिहिलंय?" तिने ट्रे चिटणिसांच्या वहीवरच ठेवला. "लग्न होऊन आले तेव्हापासून मी ह्या सभांना चहा पाजला. माझा एकही हात ह्या वहीत नाही. पानं उलटून बघा."

नर्सबाईंनी हात वर केला. "माझा बाप्तिस्मा होऊन आठ दिवस झाले. पहिलंच मत, आणि मी साखर ढवळत होते. ठेवा."

मग फरशीवाल्यांच्या बायकोने हात वर केला. ओढणीला पुसून केला. नवऱ्याकडे पाहिलं नाही. "ठेवा," ती म्हणाली. "आणि मुलीचे कपडे मी मावशीकडे पोचवलेत."

फरशीवाले उभे राहिले. चेहरा पार उतरला होता, पण आवाज तोच. "मोजणी संपलीय. पाळकसाहेब, तुम्हीच शिकवलंत ना? केव्हाही, कारण न सांगता, निघून जाऊ शकता. जा मग. कोणी काही विचारणार नाही."

काही लोक हसले. सरांनी डावीकडचं जुडगं कमरेवरून काढलं. सगळ्यांना वाटलं, ठेवताहेत टेबलावर. त्यांनी ते मुठीत आवळलं.

"ते वाक्य ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याच्यासाठी असतं, दादा. प्रयोग करणाऱ्याने पळून जायचं नसतं. मी जाणार नाही. परत मोजा."

परत मोजले. काढा, एकोणतीस. ठेवा, तीस.

टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. चहा घ्यायला लोक पुढे आले, तर सरांच्या बायकोने ट्रे उचलला आणि मागे नेऊन एकेक पेला मोरीत ओतला. साठच्या साठ. तीस ठेवणाऱ्यांचेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणत होतं. सरांनी पेटीतून कोट काढला. बायकोने पिशवी दिली, ती त्यांनी परत ठेवली. कोट अंगात घातला, सगळी बटणं लावली, आणि भर दुपारी बाजारपेठेतून चालत फरशीवाल्यांच्या दुकानात गेले. बाह्या अजूनही बोटांपर्यंत येत होत्या. वाटेत तिघांनी विचारलं, बरं आहे ना. सर म्हणाले, नाही.

दुकानात त्यांनी कोट काढला आणि काउंटरवर नमुन्याच्या फरशांशेजारी ठेवला. शर्ट घामाने भिजला होता.

फरशीवाल्यांनी कोट उलटापालटा केला. "बाही फाटलीय."

"चोवीस वर्षं झाली."

"टाकीच्या फरशा काढून नेणार आहे मी."

"न्या. सिमेंटात बसवल्यात. फुटतील."

"फुटू देत."

"फुटू देत," सर म्हणाले. "खाली सिमेंट आहेच." आणि वळले.

"ऐक," फरशीवाले मागून म्हणाले. आवाज इतका खाली आला होता की सरांना थांबावं लागलं. "कॉलेजात येते का ती? बरी आहे?"

उत्तर सरांना ठाऊक होतं. सकाळच्याच तासाला ती मागच्या बाकावर होती. सर्दी झाली होती, वही नवी होती.

"ते मी सांगू शकत नाही."

"बाप आहे मी तिचा."

"मग तिला विचारा."

"काय विचारू?"

"मला काय ठाऊक? वीस वर्षांत काहीतरी विचारायचं राहिलं असेलच."

फरशीवाले कोटाची बाही हातात धरून उभे राहिले. सर बाहेर पडले. राग गेला नव्हता. उलट कोट उतरल्यावर त्याला जागा झाली होती. गल्लीच्या वळणाआधी किणकिण ऐकू आली, दोन्हीकडून, आणि दोन जणांनी सवयीने दारं लावून घेतली.

"दिला?" बायकोने विचारलं.

"दिला."

"काय म्हणाले?"

"बाही फाटलीय म्हणाले."

ती थबकली. "अगं बाई. मी शिवून द्यायला हवी होती."

"अजिबात नाही," सर म्हणाले. ते इतक्या जोरात, की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून पाहिलं. सरांनी वर बघितलं. नमस्कार केला नाही.